शेल्याचा हिरवा

माझी थोरली बहीण पेणला राहत असे आणि मी रोह्याला. महिन्यातून एकदा ती सकाळच्या एसटीने येई आणि साडेचारच्या गाडीने परत जाई. मुक्काम तिने कधी केला नाही. आपली कापडी पिशवी ती ओटीवरच्या खुंटीला अडकवून ठेवी, घरात आणीत नसे. मी आग्रह केला नाही. ज्याला राहायचे तो राहतो, अशी माझी समजूत होती.

ही समजूत चुकीची असल्याचे माझ्या पत्नीने मला दाखवून दिले. मी शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षाची, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. वैशाख होता. ताईला गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा पत्नी चहाचे कप उचलत होती. त्यांतला एक भरलेलाच होता.

"तुमच्या कधी ध्यानात आलंय का," ती म्हणाली, "ताई आपल्याकडे आल्या की पाणी पीत नाहीत."

"तहान नसेल."

"सकाळी आठला निघाल्यापासून संध्याकाळी सहाला घरी पोहोचेपर्यंत? या उन्हात?" तिने तो भरलेला कप माझ्यापुढे धरला. "पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत. पोरांनी करंगळी वर केली की कळत होतं ना?"

मला कळायला तेवढे पुरेसे झाले. आमचा संडास परसात होता. गावाची ती बाजू नदीकडे उतरती आहे; परसात जायला सात दगडी पायऱ्या, कठडा नाही. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले होते. भावाच्या घरी येऊन तिथवर कोणाचा तरी हात धरून जाणे तिला मान्य नव्हते, आणि तसे सांगणेही मान्य नव्हते. म्हणून ती दिवसभर घोटभर पाणी न पिता बसे, वाल सोलू लागे, गप्पा मारी, आणि साडेचारला उठे.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई चौदाची. पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले, आणि तिच्या पाठोपाठ मीही पेणला तिच्या सासरी राहायला गेलो. मॅट्रिकपर्यंत तिथेच शिकलो. परीक्षेच्या दिवसांत ती पहाटे विहिरीचे पाणी ओढून ते तापवी आणि मग मला उठवी. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

मधल्या घराच्या कोपऱ्यात एक कोठी होती, सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. तीत जुनी वर्तमानपत्रे आणि मोडकी छत्री याखेरीज काही नव्हते. तिचे पाहुण्यांसाठी न्हाणीघर करायचे मी ठरवले. घरात संडास असणे माझ्या वडिलांना रुचले नसते. देवघर तिथून दोन भिंती पलीकडे होते, हे मी मोजून घेतले आणि तो विषय मनाशी मिटवला. पावसाळ्यात खड्डा खणता येत नाही. आश्विनात काम सुरू झाले.

खुर्चीसारखा संडास बसवला. कंबरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरश्या लावल्या. आरसा ताईच्या उंचीला लावला. मला त्यात माझी हनुवटी तेवढी दिसे. बसता-उठताना धरायला भिंतीत लाकडी दांडा बसवला. कपाटे दोन होती. एक बेसिनखाली, दुसरे भिंतीवर, टाचा न उचलता हात पोहोचेल इतपत खाली. सुतार धाटावच्या एका कंपनीत कामाला होता आणि शिफ्ट सुटली की आमच्याकडे येई. चांगला कारागीर, पण बोलका.

"गुरुजी, सनमायका मारू का? पुसला का साफ."

"रंग द्यायचा आहे."

"मग रंग कुठला?"

ते ठरायचे होते. पुढच्या खेपेस ताई आली तेव्हा तिला मी दारातूनच खोली दाखवली. ही कोणासाठी ते सांगितले नाही, आणि तिने विचारलेही नाही. तिने एक पाऊल आत टाकून दांड्याला हात लावला.

"कपाटांना रंग कोणता द्यावा?" मी विचारले.

"मला काय विचारतोस? घर तुझं."

"तरी सांग."

तिने कपाटांकडे पाहिले. "हिरवा. पण दवाखान्यासारखा फिका नको. आमच्या गल्लीत गणपतीच्या शेल्याला देतात ना, तसला."

ताई एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर तिच्या अंगावर हिरवा रंग कोणी पाहिला नव्हता. हे मला त्या क्षणी आठवले नाही. पत्नीला आठवले असावे. ती आत निघून गेली.

ताईच्या घरासमोर गणपतीचा एक लहान कारखाना होता. तिथल्या रंगाऱ्याला तिने त्याच्या लहानपणापासून पाहिलेले; गल्लीत सगळे तिला काकू म्हणत. दुपारच्या वेळी ती त्याच्या दारात जाऊन बसे आणि मूर्तींवर रंग चढताना पाही. गणपती होऊन गेले होते, नव्या हंगामाला अवकाश होता. काकूंचे काम म्हटल्यावर तो लगेच आला. ही बातमी सुतारापर्यंत पोहोचली.

"गणपतीवाला?" तो म्हणाला. "न्हाणीघराला? गुरुजी, आता कपाटाचं विसर्जन कधी?"

मी त्याच्याकडे पाहिले. तो कामाला लागला.

रंगारी पंचेचाळिशीचा असेल. रंगाचे डबे त्याने करंडीत गवत घालून आणले होते. कुंचले मात्र नवे कोरे होते. मी विचारले, तेव्हा म्हणाला, "मूर्तीचं कुंचलं हितं कसं चालंल, गुरुजी? ते घरी ठेवलं." त्याने रंगाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवली, आधी स्वतःच्या मनगटावर एक पट्टा ओढून पाहिला, आणि मग उकिडवा बसून काम सुरू केले. तीन दिवस लागले. एका हाताने तो इतका सावकाश कुंचला ओढी की फळीवर त्याची रेघ दिसत नसे. असा हिरवा मी कोणत्याही दारा-खिडकीला पाहिलेला नव्हता. खोलीत पाऊल टाकले की प्रथम तोच दिसे.

तिसऱ्या दिवशी त्याने एक छोटी वाटी काढली. तीत सोनेरी रंग होता.

"कडंनं बारीक किनार वडतो."

"नको. हे न्हाणीघर आहे."

त्याने वाटी झाकून ठेवली. मग म्हणाला, "वरून वार्निसचा हात तरी मारू?"

"चकाकी नको."

"पान्याची जागा हाय, गुरुजी."

"पाणी बादलीत राहील. कपाटावर कोण ओतणार आहे?"

तो जरा घुटमळला. "आमचं काम पान्यात जायासाठीच असतंय. म्हनून इचारलं."

मला वाटले, तो विनोद करीत आहे. सुताराचा विनोद त्याच्याही कानावर गेला असावा, असे मी गृहीत धरले. चकाकणारे लाकूड मला आवडत नाही. शाळेतले फळेही मी कधी चकाकू दिले नाहीत. मी पुन्हा एकदा नको म्हटले. त्याने अधिक काही विचारले नाही. गुरुजींना दोनदा सांगायचे नाही, हा त्याचा शिष्टाचार होता. तो निघून गेला.

मार्गशीर्षात ताई आली. मी पत्राने कळवले होते: खोली तयार आहे, राहण्याच्या तयारीने ये. दारात येताच तिने पाणी मागितले. पत्नीने तांब्या-भांडे दिले. ताईने दोन भांडी पाणी उभ्याने संपवले. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र उघडले.

पिशवी मात्र तिने खुंटीलाच अडकवली.

मुक्कामाच्या घरी प्रवासातल्या वस्त्राने ती जेवत नसे. आधी आंघोळ, मग पान. पत्नीने कढत पाण्याच्या दोन बादल्या आत ठेवल्या. पिशवीतले धुतलेले लुगडे घेऊन ताई आत गेली, दार लागले. पाण्याचा आवाज आला, थांबला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग फडके घासल्याचा आवाज येऊ लागला. तो थांबेना.

"ताई," पत्नीने दार वाजवले, "पान वाढू ना?"

"थांब गो. जरा पुसून घेते."

"काय पुसताय? मी करीन ते."

"थांब म्हटलं ना!"

दार उघडले तेव्हा ती दांड्याला धरून उभी होती. गुडघे टेकून ती फरशी पुसत होती, हे तिच्या लुगड्यावरून दिसत होते. तिचे पाय घोट्यापर्यंत हिरवे झाले होते. पांढऱ्या लुगड्याचा घोळ वीतभर हिरवा होता. फरशीवर हिरवे पाणी पसरले होते, आणि फडक्याने ते पांढऱ्या भिंतीलाही लागले होते. बेसिनखालच्या कपाटावरून अजून ओघळ येत होते. त्यांच्यामागे प्लायवुड दिसत होते.

"तुझं नवं कपाट मी नासवलं," ती म्हणाली. "दोन तांबे जरा जोरात पडले. पुसायला गेले तर आणखीच उतरला."

मी काही बोललो नाही. मला त्या वेळी रंगाऱ्याचे शब्द आठवत होते. ताईने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिच्या परीने घेतला.

जेवताना तिने भात अर्धा ठेवला. पाणी घेतले नाही.

"साडेचारची गाडी वेळेवर आहे ना रे?" तिने विचारले.

"ताई, अहो, राहायला आलात ना?" पत्नी म्हणाली.

"पुढच्या खेपेला बघू. आता त्या खोलीचं काम निघेल. माझी अडचण कशाला मध्ये?"

ती उठून ओटीवर गेली आणि तिने खुंटीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली. तीन वाजले होते. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझी चूक मी कधी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. वर्गात फळ्यावर गणित चुकले तर मी ते पुसून टाकी आणि नवे घाली.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"काय?"

"वार्निश मारू का, असे रंगाऱ्याने विचारले होते. पाण्याची जागा आहे असेही सांगितले होते. मी नको म्हटले. तू काही नासवलेले नाहीस."

ताईने पिशवी बाजूला ठेवली. "परत म्हण."

"काय परत म्हणू?"

"ते पहिलं. चूक कोणाची?"

"एकदा सांगितले आहे."

"अगो," तिने पत्नीला हाक मारली, "बाहेर ये. हा काय म्हणतोय ऐक."

"मी दाराआड उभी राहून ऐकलंय, ताई," पत्नी म्हणाली. "साक्षीला कुठंही येईन."

दोघी हसल्या. त्यांचे हसणे आवश्यकतेपेक्षा बरेच लांबले. ताईने पदराने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "त्याने विचारलं होतं? मग आता त्या गरिबाला ओरडणार असशील तू."

"ओरडणार नाही. बोलावून पुन्हा रंग देऊन घेईन."

"तुझं बोलावणंसुद्धा ओरडल्यासारखंच असतं. तो येईल तेव्हा मी इथं असायला हवी." तिने पायांकडे पाहिले. "हे निघेपर्यंत तसंही पेणला कशी जाऊ? लोक विचारतील, काकू कुठे बुडून आल्या."

साडेचारची गाडी गेली, तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा पीत होती. दुसरा कपही तिने घेतला.

पेणला ताईच्या गल्लीतल्या दुकानात फोन करून रंगाऱ्यासाठी निरोप दिला. तिसऱ्या दिवशी रंगारी आला. तो कपाटासमोर उभा राहिला आणि त्याने ओघळावरून बोट फिरवले.

"म्या सांगितलं हुतं, गुरुजी."

"सांगितलेस. मी ऐकले नाही."

हे दुसऱ्यांदा बोलणे पहिल्याइतके कठीण गेले नाही. रंगारी मात्र गोंधळला आणि ताईकडे पाहू लागला. तिने त्याला खुणेने कामाला लावले. त्याने जुना रंग खरवडला, तेलातला रंग दिला, छटा जुळेपर्यंत चार वेळा मनगट रंगवले, आणि सुकल्यावर वार्निशचे दोन हात मारले. रंग चकाकू लागला. शेवटी त्याने करंडीतून सोनेरी रंगाची वाटी काढली आणि माझ्याऐवजी ताईला विचारले.

"काकू, किनार?"

"वड," ती त्याच्याच बोलीत म्हणाली. "बारीक वड पण."

ती किनार अजून आहे.

ताई आठ दिवस राहिली. डाग पडलेले लुगडे पत्नीने सोड्यात भिजवले, दोनदा धुतले. रंग फिकटला, पण गेला नाही. पेणला ते नेसता येणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. पत्नी म्हणाली, "फडकी करू का त्याची?"

"कशाला? धड आहे," ताई म्हणाली. "इथं नेसायला होईल."

निघण्याच्या दिवशी तिने पिशवी भरली. मी तिला गाडीत बसवून आलो. हात धुण्यासाठी त्या न्हाणीघरात गेलो आणि साबणाची वडी घ्यायला भिंतीवरचे कपाट उघडले. खालच्या फळीवर ते लुगडे चौघडी करून ठेवलेले होते. हिरवा झालेला काठ बाहेरच्या बाजूला होता.

मी कपाट बंद केले आणि साबण न घेताच हात धुतले.