अक्काने सुरत पाहिली

आमच्या अक्काने ज्या वस्तूवर तोंड टाकलं नाही, ती वस्तू या जगात चांगली असूच शकत नाही. हे मी थोरल्या बहिणीच्या कौतुकापोटी म्हणत नाही. फैजपूरपासून नशिराबादपर्यंत पसरलेल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याने ते अनुभवलं आहे. चांगलं काही दिसलं की माणसं हरखतात, हसतात, दोन शब्द गोड बोलतात. अक्का भडकते. तिचं कौतुक रागाच्याच वाटेने बाहेर येतं. दुसरी वाट तिच्या देहात देवाने ठेवलेलीच नाही. भाऊजींच्या बागेत एके वर्षी केळीचे घड असे लागले की त्यांच्या ओझ्याने झाडं वाकायला लागली. अक्का बांधावर कमरेला हात लावून उभी राहिली आणि झाडांना म्हणाली, "एवढं लादून घ्याले कोनी सांगतलं होतं तुम्हाले? कंबर मोडली म्हंजे कोन पाहीन?" माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा तिला पुरणपोळी वाढायला गेली, तेव्हा घास तोंडात घालताच अक्का कडाडली, "कोनी शिकोलं तुले एवढं पातय लाटाले? दाताले कामच ठेवलं नई!" बायको आत जाऊन रडली. पहिल्याच परीक्षेत पहिला नंबर आला, हे तिला समजावून सांगता सांगता माझी दुपार गेली.

उलट एखादी गोष्ट मनातून उतरली, की अक्काइतकं गोड कोणी नाही. मान किंचित तिरपी करते, डोळे अर्धे मिटते आणि हळूच म्हणते, "छान हाये हो." तिच्या शेजारच्या सुनेच्या शेवभाजीला एकदा हे "छान हाये" मिळालं. त्या घरात त्यानंतर शेवभाजी झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

या गुणामुळे असेल, पण आमच्या घराण्यात मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं तर अक्का पुढे हवीच. मुलगा काय शिकला, काय कमावतो, हे पुरुषमंडळी बैठकीत विचारत बसायची. अक्का पाण्याचा पेला हातात घेऊन जी उठायची, ती थेट स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराने गल्लीत, गल्लीतून बाजारात. भाजीवालीशी बोलायची, पिठाच्या गिरणीवर टेकायची, कोणाच्या ओट्यावर पाणी मागायची. इकडे चहा गार व्हायचा आणि नवरदेव ताटकळायचा. कोणी हटकलं तर म्हणायची, "नवरा काय, संध्याकायी घरी येते. दिवसभर पोरीले गावासोबत संसार करा लागते." तिने असं पाहून दिलेली एकही मुलगी रडत माघारी आली नाही.

भाऊजी गेले आणि यावलच्या घरात अक्का एकटी उरली. केळीची बाग वाट्याने दिली. तिचा मुलगा, माझा भाचा, सुरतेला कापडाच्या बाजारात नोकरीला. त्याने तिथे फ्लॅट घेतला आणि दर दिवाळीला "आई, आता कायमची चल" म्हणून मागे लागला. दर दिवाळीला अक्का त्याला उडवून लावायची. या हिवाळ्यात मात्र तिने फोनवर सांगितलं, "येते. पन आधी गाव पाहीन. पटलं तं राहीन, नई पटलं तं दुसऱ्या दिवशी माघारी." आणि स्थळ पाहायला एकट्याने जात नाहीत, म्हणून मला जळगावहून बरोबर घेतलं.

इथे माझं मन उघड करून सांगतो. सुरत नापास व्हावी अशी माझी फार इच्छा होती. मी निवृत्त माणूस. दर रविवारी सकाळच्या एसटीने यावल गाठायचं, अक्काच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खायची, तिची बोलणी ऐकायची आणि संध्याकाळी परतायचं, हा माझा नेम. डोक्याचे केस पांढरे झाले तरी त्या एका घरात मी अजून धाकटा होतो. अक्का सुरतेला गेली की मी जगभर वडीलधारा होणार होतो, आणि त्याची मला धास्ती वाटत होती.

सुरतेला उतरलो आणि आरंभ तर माझ्या मनासारखा झाला. भाच्याने हौसेने आम्हाला एका चकचकीत मॉलमध्ये नेलं. थंड हवा, सरकते जिने, काचेआड उभे पुतळे. अक्काने मान तिरपी केली. "छान हाये हो," ती म्हणाली. भाचा खुलला, मी त्याच्याहून जास्त खुललो. त्या बिचाऱ्याला आईची भाषा जन्मभर ऐकून कळली नव्हती. मला कळत होती. मी मनात परतीची तिकिटं काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी भाचा कामावर गेला आणि अक्काने पदर खोचला. "चाल बापू. पोरानं बैठक दाखोली. आता मांगचं दार पाहू." पहिल्याच नाक्यावर लोकांची गर्दी जमली होती. वाफेवरचं हरभऱ्याच्या डाळीचं मऊसूत पीठ, वरून तेल, शेव, कांदा. इथे त्याला लोचो म्हणतात. अक्काने एक चमचा तोंडात घातला, थबकली, आणि त्या गाडीवाल्याला म्हणाली, "काय रे, सकायीच्या पहारी लोकाहीले असं खाऊ घालतं का? मानसं कामाले कशी जातीन मंग?" त्याला मराठीतलं किती समजलं कोण जाणे, पण त्याने हसून आणखी शेव घातली. मनात काढलेल्या तिकिटांतलं एक मी तिथेच परत केलं. पुढे घारीच्या दुकानात तुपाने माखलेली ती गोल मिठाई हातात घेऊन ती इतकी चिडली, की दुकानदाराने मला बाजूला घेऊन "बेनने शुं थयुं?" असं काळजीने विचारलं. बहिणीला काय झालंय हे त्याला कसं सांगणार? म्हटलं, "काही नाही, आवडलं."

मग जुन्या शहरात शिरलो. अरुंद गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. खांबांवर वेली, पोपट, तुळयांखाली इतकं बारीक कोरीव काम की लाकूड आहे हे विसरायला होत होतं. मीही स्तिमित झालो होतो, पण माझं स्तिमित होणं गप्प असतं. अक्का एका बंद दारासमोर मान वर करून उभी राहिली आणि कधीच मरून गेलेल्या सुताराला फैलावर घेऊ लागली. "डोये फुटले असतीन तुह्ये! घरी बायको-पोरं नव्हती का तुले?" तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं. वरच्या खिडकीतून एका बाईने खाली पाहिलं, अक्काने तिलाही सुनावलं, "एवढं मोठं देनं मियालं तं रोज पुसत जाय, माय!"

त्या दिवशीची सगळ्यात मोठी गंमत पुढेच झाली. हिंडता हिंडता एका कंपाउंडपाशी आलो. आत झाडांमध्ये घुमटांच्या, कमानींच्या, दोन दोन मजली जुन्या इमारती उभ्या. अक्काने हे शहरातलं सगळ्यात खानदानी घर ठरवलं आणि रिवाजाप्रमाणे पाणी मागायला सरळ आत शिरली. मी मागून "अक्का, अक्का" करतोय तोवर तिने रखवालदाराला विचारलंही होतं, "एवढ्या मोठ्या घरात कोन कोन राह्यतं, भाऊ?" म्हातारा रखवालदार नम्रपणे म्हणाला, "बा, अहीं कोई रहेतुं नथी. बधा सूता छे." इथे राहत कोणी नाही, सगळे झोपलेत. ते गोऱ्या व्यापाऱ्यांचं कबरस्तान होतं. शेकडो वर्षांपूर्वी जहाजांतून आले, इथे माल घेतला, इथेच तापाने गेले, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांच्यावर हे घुमट उभारले. मी हे सांगितलं तशी अक्का जीभ चावून मागे सरली. पदर डोक्यावर घेतला, लांबूनच हात जोडले. रखवालदाराने आपल्या माठातलं पाणी दिलं, ते तिथल्याच पायरीवर बसून प्यायली. मग एकदम त्या सर्वांत उंच घुमटावर कडाडली, "मायबाप समुद्रापल्याड, आन इथं येऊन असं पाय पसरून झोपतं का कोनी?" मी घड्याळ पाहू लागलो. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुपारी कापडाच्या बाजारावरून गेलो. साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्यांची अशी रीघ, की रस्ता आहे की कापडाचा ओढा आहे ते समजेना. अक्काने बाजाराला शिव्या घातल्या, हातगाड्यांना घातल्या, साऱ्या देशातल्या बायकांनाही घातल्या. माझी आशा आता धुगधुगीवर होती. ती विझवली भाजीवालीने. सुरतेत आपल्या खानदेशातली माणसं इतकी आहेत, की काही वस्त्यांत गुजरातीपेक्षा आपलीच बोली जास्त कानी पडते. तशाच एका वस्तीत भाजीबाजार होता आणि एका टोपलीत भरताची हिरवी वांगी होती. अक्काने एक उचललं, दाबलं, म्हणाली, "आमच्या तिकडचं वांगं असं नसते." टोपलीमागची बाई उसळली, "तिकडचं म्हंजे कुठचं? म्या नशिराबादची हाये! वांगं मले शिकवू नको!" मग जे जुंपलं ते पाहत मी कडेला उभा राहिलो. बियांवरून भांडल्या, देठावरून भांडल्या, वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजावं की निखाऱ्यावर यावरून तर गर्दी जमली. शेवटी त्या बाईने पोतं सरकवून अक्काला बसायला जागा केली, आणि अक्का बसली. यावलच्या बाजारात अक्काशी भांडायची आता कोणाची छाती नव्हती. तिच्या वयाच्या बायका एकेक करून गेल्या होत्या. इतक्या तकतकीत चेहऱ्याने बोलताना मी तिला भाऊजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तापीच्या काठावर गेलो. आपल्याकडून वाहत येते तीच ही तापी, पण इथे तिचा पसारा काय सांगावा. एकामागून एक पूल, पलीकडे दिव्यांच्या रांगा, आणि समुद्र जवळ आल्याने पाण्याला आलेला तो संथ डौल. अक्काने पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला, आणि मग गावच्या माहेरवाशिणीला दटावावं तशी नदीला म्हणाली, "आमच्याकडे उन्हायात अंग चोरून बसते, आन इथं येऊन एवढा थाट!" मी ओळखलं. स्थळ पसंत होतं.

परतीला मी एकटाच निघालो. भाच्याबरोबर अक्का स्टेशनवर पोचवायला आली होती. भाचा पाण्याची बाटली आणायला गेला, तेवढ्यात मी धीर करून म्हटलं, "अक्का, अजून विचार कर. यावलला तुझा जन्म गेला."

ती रागावली नाही, गोडही बोलली नाही. साधंच बोलली. तसं बोलताना मी तिला फार क्वचित ऐकलं आहे.

"बापू, एवढ्या पोरीहीसाठी गावं पाह्यली म्या. मले यावल कोनी दाखोलं होतं का? आबांनी सांगतलं, म्या गेली. वाईट नव्हतं. पन पाह्यलं नव्हतं ना रे कधी. हे गाव म्या पाह्यलं."

तिने कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क आमच्या वडिलांनी, आबांनी, एकदा वापरला होता. पुन्हा तो वापरणारा मी कोण? मी वाकून तिच्या पाया पडलो आणि म्हणालो, "गाव चांगलं आहे, अक्का."

"मंग!" अक्का म्हणाली. "पाह्यलं कोनी?"

गाडी सुटली. मी दारात उभा होतो. भाचा हात हलवत होता, पण अक्का त्याच्या शेजारी नव्हती. ती जिन्याच्या दिशेने निघालीसुद्धा होती, झपझप, भाजीबाजाराची वेळ टळत असल्यासारखी. मला तिचा अभिमान वाटला आणि फार एकटं वाटलं, दोन्ही एकाच वेळी. ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं.