भांडायला या

"बरं. मग?"

चष्मा कपाळावर ढकलायचा, समोरच्याकडे नीट पाहायचं आणि एवढंच विचारायचं, ही बाईंची पद्धत. तक्रार करणारा लहान असो की मोठा, त्याचं बोलणं संपलं की हे दोन शब्द यायचेच. पुण्यात अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फरक इतकाच, की बाई हे विचारून खरोखर उत्तराची वाट पाहायच्या.

बाईंनी आयुष्यभर कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर मुलांसाठी गोष्टी लिहायला घेतल्या. रेवा नावाची मुलगी आणि ढगांवर चालणारी तिची म्हैस चांदणी, यांची पाच पुस्तकांची मालिका. चित्रं माझी. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी म्हशीला पंख लावून चित्र नेलं होतं. बाईंनी चित्र माझ्याकडे परत सरकवलं. "अहो चित्रकार, म्हैस आहे ती. चालत जाईल." तेव्हापासून चांदणी चालतच ढगांवर गेली आणि मुलांनी तिला डोक्यावर घेतलं.

पाचव्या, शेवटच्या पुस्तकात बिनसलं. टेकडीखालचा काळोख बाहेर येऊ नये म्हणून त्याचं दार कोणीतरी आतून धरून ठेवायला हवं होतं. चांदणी आत राहिली, दार बंद झालं आणि रेवा एकटी घरी आली. संपली गोष्ट. 'समाप्त'च्या जागी बाईंनी माझ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं, "भांडायला या. दर रविवारी सकाळी दहा वाजता. पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं." खाली स्वतःच्या घरचा पत्ता.

आमच्या प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. पण लोक आले. बाईंचा नियम असा, की भांडणाऱ्याला शंकरपाळे आणि स्तुती करणाऱ्याला नुसतं पाणी. "फारच सुंदर शेवट" म्हणणारे एक आजोबा पाणी पिऊन घरी गेले. एक मुलगा म्हणाला, पहिली दोन पुस्तकं भारी होती, यात सगळे नुसते चालतच राहतात. एकीला लढाई अर्ध्या पानात उरकल्याचा राग होता. हिंजवडीत नोकरी करणारे एक बाबा तावातावाने आले.

"मॅडम, याला क्लोजरच नाहीये. मुलगी रडतेय घरी. मी ऑनलाइन एकच स्टार दिलाय."

"दिलात ना एक? बरं. मग?"

त्यांनी बरेच शंकरपाळे खाल्ले. एक आई मात्र भांडली नाही. कुत्रा गेल्यापासून तिचा मुलगा त्याचं नाव काढू देत नव्हता, आणि हे पुस्तक वाचून स्वतःच त्याच्याबद्दल बोलायला लागला. तिच्यासाठी बाईंनी नियम मोडला आणि डबाच पुढे केला.

सगळ्यांत चिवट गार्गी. समोरच्या सोसायटीतली, सहावीतली. ती दर रविवारी हजर.

"आजी, दाराला कडी लावायची ना! म्हैस कशाला हवी?"

"कडी कोणी काढली तर?"

"मग कुलूप."

"आणि किल्ली?"

गार्गी रागाने निघून जायची आणि पुढच्या रविवारी नवी युक्ती घेऊन यायची. बाई शनिवारपासून तिची वाट पाहायच्या, हे मला माहीत आहे.

पहिली आवृत्ती संपली, तेव्हा प्रकाशक मला घेऊन बाईंकडे गेले. "बाई, शाळा पुस्तक घ्यायला तयार आहेत, पण हा शेवट नको म्हणतात. एकच प्रकरण वाढवा. म्हैस परत येते, बस्स. नाहीतर मला दुसरी आवृत्ती काढता येणार नाही."

बाई मूळच्या हिंजवडीच्या, कंपन्या येण्याआधीच्या. फार चिडल्या की त्यांची शाळेतली भाषा गळून पडायची.

"न्हाई येनार ती. आमचा गोठा व्हता तितं आता कंपनीच्या बसा उभ्या ऱ्हात्यात. म्हस इकली तवा आई म्हनली, यील परत. मी रोज रस्त्याला जाऊन बसायची. आता म्या बी पोरांना तसंच फसवू?" मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "नका काढू आवृत्ती."

मला त्या दिवशी बाईंचा विलक्षण अभिमान वाटला. आजही वाटतो.

पुस्तक दुकानांत मिळेनासं झालं. मुलं एकमेकांची प्रत मागून वाचायची आणि भांडायला यायची. जिना उतरताना मी एकदा बाईंना विचारलं, वाईट नाही वाटत? "वाटतं हो. वाटू दे," म्हणाल्या.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. पुस्तकांचे हक्क त्यांच्या भाच्याकडे आले. एका रविवारी सकाळी त्याने प्रकाशकांना आणि मला बाईंच्याच घरी बोलावलं. सतरंजी होती, बाईंची वेताची खुर्ची होती. प्रकाशक म्हणाले, "चित्रकार, एक चित्र लागेल. चांदणी परत येतेय, रेवा धावत सुटलीय."

"मी काढणार नाही."

"मग दुसरा कोणी काढेल."

भाचा खाली मान घालून म्हणाला, "आत्याचं पुस्तक निदान मिळत तरी राहील, काका." त्याचंही चूक नव्हतं. तरी माझा संताप झाला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात गार्गी, मागे चार-पाच मुलं.

"दहा वाजले," ती म्हणाली. "पुस्तकात अजून तसंच लिहिलंय."

प्रकाशकांना आनंदच झाला. "अगं, बरं झालं आलीस! चांदणी परत येणार आहे. नवीन प्रकरण घालतोय आम्ही." मागच्या एका चिमुरडीने टाळ्या वाजवल्या.

गार्गीने नाही वाजवल्या. "हे आजींनी लिहिलंय?"

"नाही, आता आम्ही लिहून घेऊ कोणाकडून तरी."

"मग ती चांदणी नाही." ती चपला काढून आत आली. "मला तो शेवट मुळीच आवडत नाही. मला अजून पटलेला नाही. पण माझं भांडण आजींशी आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

भाचा उठून स्वयंपाकघरात गेला आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आला. तो त्याने गार्गीपुढे ठेवला. "शेवट तोच राहील," तो प्रकाशकांना म्हणाला.

"अहो, पण मग आवृत्तीचं..."

गार्गीने त्यांच्याकडे पाठ केली. सतरंजीवर मांडी घालून ती रिकाम्या खुर्चीसमोर बसली.

"आजी," ती म्हणाली, "किल्लीचं मी शोधून काढलंय. आता ऐका."