इसक्कीची काचेची पाटी

कोविलपट्टीत कोण गेलं हे आधी भिंत सांगते, मग माणसं. सकाळी दुकान उघडायला निघालो की बाजाराच्या तोंडाशी, बसस्टँडच्या कुंपणावर, शाळेच्या भिंतीवर एक नवा चेहरा चिकटवलेला असतो. खाली नाव, गाव, मुलं, सुना, जावई. मयत उचलायच्या आत पोस्टर भिंतीवर लागलंच पाहिजे. नाही लागलं तर लोक तोंडावर बोलतात, मुलांनी आईला चोरून नेल्यासारखं नेलं म्हणून.

गेली काही वर्षं गावातले निम्मेअधिक चेहरे इसक्कीमुत्तूने केले. मी विट्याहून इथे तमिळनाडूत सोनं गाळायला आलो तेव्हा मला मिसरूड फुटत होतं, आता जिना चढताना गुडघे बोलतात. एवढ्या काळात माझ्या दुकानाच्या पायरीवर पुष्कळ माणसं बसून गेली, पण इसक्कीसारखा चिकट कुणी नाही. त्याला दुकान नव्हतं, संगणक नव्हता. होता एक टॅब्लेट, त्याचं पांढरं पेन, आणि दोन्ही ठेवायला बायकोने जुन्या साडीची शिवलेली पिशवी. माझ्याकडे भट्टीच्या पंख्यासाठी इन्व्हर्टर असल्यामुळे वीज गेली तरी टॅब्लेट चार्ज व्हायचा, हे माझ्यावरच्या प्रेमाचं खरं कारण.

मुळात तो भिंती रंगवणारा. सिमेंट, धोतरं, सोडावॉटर, निवडणुका, जे म्हणाल ते शिडीवर उभं राहून लिहायचा. फ्लेक्स आलं आणि असे सगळे रंगारी घरी बसले. इसक्की थंगपांडीच्या फ्लेक्सच्या प्रेसमध्ये गेला. थंगपांडीने त्याला संगणकापुढे बसवून हातात माउस दिला. तिसऱ्या दिवशी हा परत माझ्या पायरीवर.

"साबणाच्या वडीने रांगोळी काढायला सांगतात हो, सेट्टू," म्हणाला. इथे उत्तरेकडचा प्रत्येक माणूस सेट्टू. मी पहिली दोन वर्षं भांडलो, मग सोडून दिलं.

पुढे मस्कतला असलेला त्याचा भाचा सुट्टीवर आला आणि जाताना टॅब्लेट मामाकडे टाकून गेला. इसक्कीने पेन काचेला लावून एक अक्षर काढलं, वळणासकट, शेपटीसकट. मग मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी भट्टी सोडून बघायला आलो. त्याचा ब्रश त्याला परत मिळाला होता.

पोस्टरं थंगपांडीच छापायचा, तरी शेवटपर्यंत त्याला टोमणे मारायचा. "खेळण्यावर धंदा करतो हा. मोठं पोस्टर म्हटलं की याच्या पाटीला घाम फुटतो." त्यात खोटं नव्हतं. कागद मोठा घेतला की तो टॅब्लेट चित्राचे थोडेच थर ठेवू द्यायचा. मग इसक्कीला चेहरा, साडी, डोळे, मागचे ढग, सगळं एकात एक दाबावं लागायचं. "एकदा दाबलं की संपलं," तो मला समजवायचा. "सिमेंटमध्ये वाळू मिसळली, आता काढा बघू वेगळी."

पण मयताच्या घरी संगणक उचलून नेता येत नाही, आणि इसक्कीची पाटी जायची. ओसरीवर मांडी घालून तो बसायचा, भोवती लेकीसुना. गावाकडच्या बायकांचे फोटो नसतात. असलाच तर कुणाच्या तरी लग्नातला, चौथ्या रांगेतला, अर्धा चेहरा दुसरीच्या अंबाड्याआड. बहुतेक वेळा मेल्यानंतरचाच फोटो इसक्कीला काढावा लागायचा. मग पेनने नाकातला कापूस पुसायचा, हनुवटीची पट्टी सोडायचा, कपाळाला कुंकू लावायचा, चांगली साडी नेसवायचा. सगळ्यात शेवटी डोळे उघडायचा. त्या वेळी ओसरीवर कुणी बोलायचं नाही. डोळे उघडले की एखादी सून हमखास सासूच्या चित्राकडे बघून हुंदका द्यायची, "आता बोलेल बघा अत्तै." इसक्कीचं नाव झालं ते या डोळ्यांमुळे. लोक सांगायचे, पोस्टर कुणाकडूनही करा, डोळे इसक्कीकडून उघडून घ्या.

एकदा बसची वाट बघत मी कुंपणाशी उभा होतो. शेजारी शेजारी दोन पोस्टरं. एक सोनाराची आई, खात्यापित्या घरची. दुसरी काडेपेटीच्या कारखान्यातली, गालफडं बसलेली. दोघी माझ्याकडे एकाच नजरेने बघत होत्या. जरा वैतागलेली, जरा हसू दाबलेली, आता हा काय थाप मारतोय अशी. ती नजर मला रोज दुपारी भेटायची. इसक्कीचा डबा घेऊन येणाऱ्या वडिवूची, त्याच्या बायकोची.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरलंच. "काय रे, या गावातल्या बायका मेल्यावर एकमेकींच्या बहिणी होतात काय?"

तो आधी हसला, मग आजूबाजूला बघून म्हणाला, "डोळे मिळत नाहीत, सेट्टू. मिटलेल्या पापणीखाली काय होतं ते मला कसं कळणार? घरच्यांना विचारलं तर तिघी तीन सांगतात. एकदा दुपारी वडिवू दारात शेवग्याचा पाला निवडत बसली होती. उजेड चांगला होता. तेव्हा काढून ठेवले. तेच लहानमोठे करतो, सुरकुत्या घालतो, बसवतो."

"बाकीच्या बायका काय गाव सोडून गेल्या होत्या?"

"दुसऱ्या कुणाकडे इतका वेळ टक लावून बघू? मार खाईन."

मी हसलो आणि विषय तिथेच सोडला. मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. पापणी मिटलेल्या म्हातारीला नजर मिळते, लेकींचं समाधान होतं, कुणाचं काय जातं, असंच वाटलं.

वडिवूला कळलं ते रेशनच्या रांगेत. दुपारी ती डबा घेऊन आली ती डबा खाली न ठेवता उभी राहिली.

"सेट्टू अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?"

मी भट्टीत बघत राहिलो.

ती नवऱ्याकडे वळली. "गिरणीतला तो परमशिवम आहे ना, बायको गेलेला. रांगेत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, बाई, एकदा माझ्याकडे बघ. मी बघितलं. म्हातारा रडायलाच लागला. म्हणे, माझी बायको अशीच बघायची. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मग येताना मी भिंती बघत आले."

"अगं, त्यांना जरा बरं वाटतं," इसक्की म्हणाला.

"त्यांना वाटतं. मला काय वाटतं ते विचाराल? भिंतीभिंतीवरून मीच मला बघतेय. खाली नाव दुसरीचं आणि तारीख मेल्याची."

"नुसतं चित्र आहे, वडिवू."

"चित्रच आहे ना? मग तुमचे डोळे लावा. दाढी करून लावा."

मला हसू आलं असतं, पण तिच्या हातातल्या डब्याचं झाकण वाजत होतं.

"काढून टाका ते," ती म्हणाली.

"निघत नाहीत. दाबलेत. आणि भिंतीवरचे तर थंगपांडीच्या खळीने चिकटलेत."

मग ती पायरीवर बसली आणि त्याचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "सांगा. मेलेल्या बाईच्या तोंडावर माझे डोळे पुन्हा बसवणार नाही."

त्याने सांगितलं. तिच्यादेखत टॅब्लेटवरचे ते डोळे पुसून टाकले. तिने डबा उघडला, चिंचेचा भात वाढला आणि तो जेवेपर्यंत रस्त्याकडे बघत बसली.

इसक्कीने शब्द पाळला. मी रोज बघत होतो म्हणून सांगतो. पण त्यानंतर कुणाचेच डोळे त्याला जमेनात. कुठून तरी उतरवून बसवायचा, तर ओसरीवरच्या बायका पुढे वाकून म्हणायच्या, ही कोण? ही आमची नाही. पूर्वी कौतुक करणारेच लोक आता म्हणायला लागले की इसक्कीचा हात गेला. हळूहळू कामं बसस्टँडजवळच्या संगणकवाल्याकडे वळली. इसक्की पायरीवर बसून वाढदिवसाची आणि कान टोचायच्या कार्यक्रमाची पोस्टरं करायचा. मला त्याची दया यायची, आणि खरं सांगायचं तर वडिवूचा थोडा रागही यायचा.

तिने एक गोष्ट मात्र कायमची सोडली. नवऱ्याच्या हातात पेन असलं की ती त्याच्याकडे बघायची नाही. डबा ठेवायची, पाठ करून बसायची. कुणी मोबाइलवर फोटो काढायला लागलं तर मान खाली घालायची.

पुढच्या वर्षी तिच्या पोटात पाणी होऊ लागलं. ती कामाला जायची तो कारखाना सुटला. तिरुनेलवेलीच्या मोठ्या इस्पितळात फेऱ्या झाल्या. डॉक्टर आधी औषधं लिहून द्यायचे, मग नुसतीच मान हलवायला लागले. ती घरी खाटेवर पडलेली असायची, पाय सुजलेले, चेहरा मात्र बारीक होत चाललेला. मी भेटायला जायचो तेव्हा तेवढ्यातही विचारायची, "सेट्टू अण्णा, गावाकडे कधी जाणार? की आम्हाला पोहोचवूनच जाणार?"

अशाच एका सकाळी मी तिथे असताना इसक्कीने पिशवीतून टॅब्लेट काढला. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं. त्याने नुसतं पेन हातात घेतलं. वडिवूने पदर वर ओढून तोंड झाकलं.

"आता कशाला? तयारी करताय?" ती पदराआडून म्हणाली.

त्याने पेन पिशवीत ठेवलं. बाहेर माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आला आणि विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. "मला ते पोस्टरसाठी नको होतं हो," म्हणाला. "ती बघतच नाही माझ्याकडे. आता जाईल, आणि मला तिचं बघणं आठवणार नाही." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकानाकडे चालू लागलो.

ती थंडीत गेली, दिवस उजाडताना. मी पोहोचलो तेव्हा तिला अंगणात बाकावर निजवलं होतं, हनुवटीला पट्टी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एट्टयपुरमहून तिची थोरली बहीण सोर्णम आली होती आणि छाती पिटून रडत होती. थंगपांडीने माणूस पाठवला होता, यंत्र मोकळं ठेवलंय, फाइल येऊ दे, आज दुसरं काही छापणार नाही. टोमणे मारणारा माणूस, पण वेळेला उभा राहिला.

इसक्की तिच्या पायाशी टॅब्लेट घेऊन बसला. घरातले सगळे फोटो त्याने बघितले. लग्नाच्या गर्दीतला एक बोटाच्या पेराएवढा, बाकीच्यांत मान खाली. शेवटी तिथेच तिचा फोटो काढला आणि कामाला लागला. कापूस पुसला, पट्टी सोडली, तिची निळी साडी नेसवली. डोळ्यांपाशी आला तेव्हा थांबला.

"सेट्टू, शपथ मोडते का हो?"

"कशी मोडेल? तिचेच तिला देतोयस," मी म्हणालो.

त्याने काढायला सुरुवात केली. समोर काही ठेवलं नव्हतं, आठवून काढत होता. हात मात्र कुठे अडला नाही. पापणी, बुबुळ, कोपऱ्यातली ती दाबलेली हसरी रेघ, सगळं सरसर उतरलं. भोवतीच्या बायका पुढे सरकल्या. मला वाटलं, जमलं. गावात याच्याइतकं सुंदर पोस्टर लागलं नसेल.

सोर्णम पुढे आली. पदराने डोळे पुसत पाटीकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"इसक्की, हे तर तुमचे नेहमीचे डोळे," ती म्हणाली. "माझ्या सासूला हेच लावले होते. शेजारच्या पेच्चीलाही हेच. स्वतःच्या बायकोसाठी तरी वेगळे काढायचे होते."

इसक्कीने तिला समजावलं नाही की ते नेहमीचे कुणाचे होते. तो चित्राकडे बघत राहिला. मग टॅब्लेट माझ्याकडे वळवला.

"तुम्ही कस लावणारा माणूस. तिला रोज दुपारी बघायचात. सांगा, हे वडिवूचे आहेत की मी बसवत आलो ते?"

मी बघितलं. डबा घेऊन पायरीशी उभी राहिलेली वडिवू आठवायला गेलो. मला सोनाराची आई दिसली. काडेपेटीवाली दिसली. कुंपणावरच्या, शाळेजवळच्या सगळ्या बाया दिसल्या, आणि त्यांच्यातून वडिवू काही वेगळी होईना. मी टॅब्लेट हलकेच परत त्याच्याकडे वळवला.

"मलाही कळत नाही," इसक्की म्हणाला.

बाहेर ताशेवाले आले होते. थंगपांडीचा माणूस दारातून खुणा करत होता, उशीर होतोय. इसक्कीने टॅब्लेट पुन्हा मांडीवर घेतला आणि काढलेले डोळे पुसले. खालच्या फोटोतल्या मिटलेल्या पापण्या पुन्हा दिसू लागल्या. त्यांना त्याने काही केलं नाही. खालचं नाव तपासलं, सगळे थर एकात एक दाबले आणि फाइल पाठवून दिली.

सोर्णमने त्याचा दंड धरला. "हे काय केलंत? अशी भिंतीवर लावणार तिला? मेलेली दिसते की हो."

"मेलीय ती, अक्का," इसक्की म्हणाला.