भर दुपारची पंगत

नगर सोडलं आणि एसटीच्या खिडकीबाहेरचे सगळे रंग एकमेकांत मिसळून गेले. बांध, घरं, गुरं, रस्त्याकडेची झाडं, सगळं एकाच पिवळट मातीचं. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही. वाळूजच्या आसपास कारखाने सुरू झाले, त्यांच्या मागे नव्या इमारती. एका अर्धवट इमारतीवर केवढातरी फलक होता: पोहण्याचा तलाव, बाग, चोवीस तास पाणी. त्याच फलकाखाली टँकर उभा होता आणि बाया घागरी, कॅन, तेलाचे डबे घेऊन त्याच्याभोवती धक्के खात होत्या. हे शहर कुणाच्या पाण्यावर उंच होतंय, हा प्रश्न त्या फलकावर कुणीतरी रंगवायला हवा, असं मनाशी म्हणत मी औरंगाबादला उतरले. आजचं छत्रपती संभाजीनगर. तेव्हा एसटीच्या पाटीवर जुनंच नाव होतं.

रिक्षावाल्यानं कुठून आलात विचारलं. इचलकरंजी, कोल्हापूरकडची, असं सांगितल्यावर तो आरशातून हसला. "तुमच्याकडं तर नदी घरात शिरती म्हणे. थोडी इकडं पाठवून द्या ना, बाई."

मी आले होते ती एक स्पर्धा बघायला. राज्यातल्या वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलामुलींनी फक्त उन्हाच्या विजेवर चालणारी घरं स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि त्यात काही दिवस राहून दाखवायचं. खरं सांगायचं तर माझ्या मनात रागच होता. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त. मी अक्षरओळखही त्यांवरच शिकले. माणसं टँकरमागे धावत असताना सौरघरांचं प्रदर्शन मांडणं मला श्रीमंतांचा खेळ वाटत होता. पण त्यातल्या एका संघाची प्रमुख होती सुजाता, एका युवक शिबिरात भेटलेली माझी मैत्रीण. तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं: शिव्या द्यायच्या तर दे, पण घरात बसून दे.

सुजाता उस्मानपुऱ्यात आत्याकडे राहून शिकत होती. दारातच निळ्या पिंपांची रांग. नळाला पाणी कधी येणार हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे आत्यांचे कान सतत नळाकडे. पाहुणी म्हणून मला तांब्याभर पाणी पुढं केलं, तेव्हा ते अर्धं ठेवावं की पूर्ण प्यावं हेच मला कळेना. आत्यांनी ते ओळखलं. "पी पोरी, पी. पाहुण्याच्या पाण्यानं पिंप नाय आटत," त्या म्हणाल्या. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लावून केलेली) होती. तिखटानं माझं नाक वाहायला लागलं, आणि आत्यांनी समाधानानं अजून एक वाटी वाढली.

जेवताना मला खरी गोष्ट कळली. सुजाता पिशोरजवळच्या एका वस्तीवरची. तिची आई तिथं अंगणवाडी सेविका. अंगणवाडी पत्र्याची, उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की लेकरांना बाहेर बाभळीखाली बसवावं लागतं. संघाचं घर सगळ्या चाचण्यांत उतरलं, तर स्पर्धेनंतर ते सुटं करून त्या वस्तीवर अंगणवाडीसाठी न्यायचं, असं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. नाहीतर सामान ज्याचं त्याला परत जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या मैदानावर गेलो. तापलेल्या मुरुमावर घरांची एक गल्लीच उभी होती. कुणाचं काचेचं, कुणाचं बांबूचं, एक तर अंड्यासारखं गोल. सुजाताच्या संघाचं घर त्यांच्यात अगदी साधं दिसत होतं: दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, वर छप्पर आणि छपराच्या हातभर वर, छत्री धरावी तशी, सौर पट्ट्यांची रांग. एका कोपऱ्यात काळ्या पत्र्याचं उंच धुराडं. धूर नसलेल्या घराला धुराडं कशाला, असं मी विचारणारच होते, तेवढ्यात आत पाऊल पडलं.

आत गारवा होता. कूलरची ओल नव्हती, पंखाही हळूच फिरत होता. घोट्यांना मात्र थंड हवा लागत होती, जमिनीतून यावी तशी. आणि ती खरंच जमिनीतूनच येत होती.

हे मला समजावून सांगितलं इम्राननं. तो विजेच्या शाखेचा, सुजाताचा उजवा हात आणि तिची सतत खेचणारा. त्यानं मला त्याच्या दुचाकीवरून पाणचक्कीला नेलं. हे शहर एकेकाळी नहरींवर (जमिनीखालून, मातीच्या नळांतून डोंगराचं पाणी आणणारे कालवे) जगत होतं. पाणचक्कीचं जातं त्याच पाण्यावर फिरायचं. त्या उन्हाळ्यात हौद जवळजवळ कोरडा होता, पण हौदाच्या खालच्या दालनात शिरल्यावर अंगावरचा घाम थांबला. इम्रान भिंतीला पाठ लावून म्हणाला, "हमारे पास पानी तो हैच नाय. मग आम्ही म्हटलं, नळ तसेच पुरू, पाण्याच्या जागी हवा आणू." घराच्या पलीकडे खोल चर खणून त्यांनी मातीचे नळ पुरले होते. काळं धुराडं उन्हानं तापलं की आतली गरम हवा वर ओढली जायची, आणि तिच्या जागी नळांतून थंड हवा आत यायची. ज्यांनी नहरी बांधल्या ते लोक आणि त्यांच्या पायाशी बसून नवं काही काढणारी ही पोरं, दोघांचा विचार करत मीही त्या गार भिंतीला पाठ लावली.

मैदानावर परतलो तर घरातले दिवे गेलेले आणि सगळे ओट्याभोवती गोळा झालेले.

झालं होतं असं. शेवटच्या दिवशी प्रत्येक संघानं परीक्षकांना आणि शेजारच्या घरांतल्या मुलांना स्वतःच्या घरात रांधून जेवू घालायचं होतं. आत जाळ पेटवायचा नाही. पदार्थ आधी कळवायचे आणि मग बदलायचे नाहीत. आणि जेवण होईपर्यंत खोलीचं तापमान परीक्षकांच्या यंत्रावरच्या लाल रेघेखाली राहिलं पाहिजे. बाकीच्यांनी पुलाव, खिचडी असं कळवलं होतं. सुजाताच्या संघानं मात्र अभिमानानं ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी लिहून दिली. मराठवाड्यात जेवायला बोलवायचं आणि भाकरी नाही? पण साठवणीच्या बॅटऱ्या त्यांनी नियमपुस्तकातल्या नमुन्याच्या जेवणावरून बसवल्या होत्या, आणि त्या नमुन्यात होता भात. भाताचा कुकर शिट्ट्या देऊन मोकळा होतो. भाकरीला तवा शेवटच्या पाहुण्याचा हात धुऊन होईपर्यंत कडकडीत लागतो. रोज दोन वेळा भाकरी खाणाऱ्या त्या घोळक्यात एकालाही हे सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून विजेच्या शेगडीवर तवा ठेवला, आणि पंगतीतल्या निम्म्या भाकऱ्यांतच घर विझलं.

बराच वेळ एकमेकांवर ढकलाढकली चालली. कुणी म्हणालं भाकरी लहान करू, कुणी म्हणालं पंखा बंद ठेवू. इम्राननं सुचवलं की पाहुण्यांना उशिरा बोलवू आणि आधी पोटभर सरबत पाजू. सुजाता परातीशेजारी बसून होती, हाताला पीठ तसंच. मग तिनं विचारलं, जेवणाची वेळ बदलता येते का. येत होती; आदल्या दिवशीपर्यंत कळवलं की झालं. सगळ्यांनी संध्याकाळच लिहिली होती, कारण एप्रिलमध्ये इथं दुपारी कुणी कुणाच्या घरी जात नाही.

"भर दुपारी बोलवू," ती म्हणाली. "तवा बॅटरीवर नाय, थेट उन्हावर चालंल."

इम्रान उठून उभाच राहिला. दुपारी, दार सारखं उघडं, आत एवढी माणसं आणि दोन तवे. लाल रेघ ओलांडली तर सगळंच गेलं, असं त्यानं बजावलं. त्यात चूक काहीच नव्हती.

"अंगणवाडीतली लेकरं दुपारीच जेवत्यात," सुजाता म्हणाली. "दुपारी हे घर टिकणार नसंल, तर तिथं नेऊन काय करायचं?"

इम्रान वेळ बदलल्याचं कळवायला गेला.

दुसऱ्या दिवशी माध्यान्हीला मैदानावर चिटपाखरू नव्हतं. परीक्षक डोक्याला रुमाल बांधून, वेळ ठरवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत आले असावेत. आत येऊन सतरंजीवर बसले आणि त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी आपोआप रुमाल सोडला. सुजाता थापत होती, तिची मैत्रीण फडक्यानं दाबून तव्यावरच भाकरी फुगवत होती, मी वाढत होते. इम्रान यंत्राजवळ उभा. काटा चढत होता.

शेजारच्या संघाची मुलं सकाळपासून आपल्या घराच्या चाचण्यांत राबलेली, भुकेली. भाकरी संपेल तशी ती मागत होती, आणि पानावर बसलेल्याला नाही म्हणायचं आमच्या सुजाताच्या रक्तात नव्हतं. इम्राननं आधी खुणेनं, मग हळू आवाजात सांगितलं की रेघ जवळ आली आहे, आता बस कर. समोरचा एक मुलगा त्याच वेळी पान पुढं करून म्हणाला, "ताई, अजून एक गरम."

मी तिच्याकडे बघितलं. त्या एका भाकरीवर तिच्या वस्तीची अंगणवाडी टांगलेली होती. तिनं उंडा हातात घेतला, परातीत पीठ पसरलं आणि थापायला लागली. "थांब, भाऊ. येतीय," ती म्हणाली.

काटा रेघेला भिडला नाही. रेघेच्या जरासा अलीकडे तो थांबला, आणि तिथंच राहिला. मला वाटलं यंत्र बिघडलं. इम्रान धावत बाहेर गेला आणि धुराड्यावर हात ठेवून चटका बसल्यासारखा मागे सरला. मग मला म्हणाला, इकडं पाय ठेवा. नळाच्या तोंडाशी थंड हवा आता झोतासारखी येत होती, सतरंजीची कड उडत होती. ऊन सगळ्यांत कडक तेव्हा धुराडं सगळ्यांत तापलेलं, आणि ओढही सगळ्यांत जोरात. हे घर दुपारीच सर्वांत चांगलं चालत होतं, आणि हे त्याच्या बांधणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, कारण भर दुपारी इतकी माणसं आणि दोन तवे आत घेऊन त्यांनी ते कधी चालवलंच नव्हतं. बाहेर अंगाची लाही करणारा तो सूर्य आत भाकरी भाजत होता, पंखा फिरवत होता आणि जमिनीतली थंडी आमच्या पायांपर्यंत ओढून आणत होता. अशा वेळी माणसानं हात जोडावेत की टाळ्या वाजवाव्यात, मला ठरवता आलं नाही. मी भाकरी वाढत राहिले.

करंडक काचेच्या घराला गेला. सुजाताचं घर सगळ्या चाचण्यांत उतरलं, एवढंच जाहीर झालं, आणि संघानं तेवढ्यावर नाच केला. मग सचिव आले. खूष होते. घर इतकं छान झालंय, म्हणाले, की आता ते कॉलेजच्या फाटकाशीच ठेवू. पाटी लावू, पाहुणे येतील, बघतील. वस्तीचं पुढं बघता येईल.

माझ्या ओठांवर अख्खं पत्रक आलं होतं. सुजातानं माझा दंड धरला. तिनं फक्त विचारलं, "सर, तिथं त्याच्यात बसणार कोण?" सचिव हसले आणि पुढच्या घराकडे गेले.

नियमाप्रमाणे जागा संघानंच मोकळी करायची होती. सकाळी सचिव मैदानावर आले तेव्हा सौर पट्ट्या खाली उतरल्या होत्या आणि भिंतीच्या विटा, उभारताना घातलेल्या खुणांप्रमाणे, ओळीनं रचून ठेवल्या होत्या. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"उतरवायचं तर होतंच, सर," सुजाता घाम पुसत म्हणाली. "चढवायचं कुठं, ते तुम्ही सांगितलेलं. सगळ्यांसमोर."

आजूबाजूच्या संघांची मुलं हातातली कामं सोडून बघत होती. काल भाकरी मागणारा तो मुलगाही होता. त्यानं एक वीट उचलली. मग दुसऱ्यानं. सचिव जरा वेळ उभे राहिले, आणि कॉलेजचा ट्रक पाठवायला सांगून निघून गेले.

त्या ट्रकमधून मीही गेले. पिशोरच्या अलीकडे डोंगर उघडेबोडके, ओढे नुसत्या दगडांचे. वस्तीवर पोहोचलो तेव्हा पुन्हा दुपार. सुजाताच्या आईनं लेकीला जवळ घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो दार कुठल्या अंगाला ठेवणार हा. चर खणायला माणसं ठरली होती, पण भिंती उभ्या राहायला वेळ होता. पट्ट्या तोवर कडेच्या कडुलिंबाला तिरप्या टेकवून ठेवल्या. आम्ही विटा उतरवून मागे वळलो, तर लेकरं आपापल्या ताटल्या घेऊन त्या पट्ट्यांच्या सावलीत जाऊन बसली होती आणि खिचडी खात होती. त्यांना कुणी बोलवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत पाय वर घेऊन बसले. नुसती ती पंगत डोळ्यांपुढं येत होती. आता आपल्याकडे कुणी गरिबांसाठी घरं बांधल्याचं सांगितलं, चित्रं दाखवली, उद्घाटनाचं बोलावणं दिलं, की मी भांडत नाही. एवढंच विचारते: भर दुपारी जेवायला येऊ का?