मॅडम, खांदा दुखतोय

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्यावर उंच काही लिहायचं असलं की मी वर्गातल्या एखाद्या उंच मुलीला उठवते. मुलींना वाटतं, मॅडमना वाताचा त्रास आहे. धुळ्यातल्या या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. बावीस वर्षांची असताना महिलांच्या टेनिसमध्ये देशात पहिली आले होते, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मी होऊन सांगत नाही.

आमचं घर जळगावात, मेहरूणला. माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणायचे, शहरातल्या एका क्लबात टेनिसचं कोर्ट सांभाळायचे. लाल मातीचं कोर्ट होतं. पहाटे पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्यासमोर रॅकेट घेऊन उभं राहायचं. साहेब नाराज होणार नाहीत इतपतच खेळायचं. सकाळ-संध्याकाळ कोर्ट सभासदांचं असायचं. दुपारी मात्र तिथं कोणी फिरकत नसे. मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी कोण फिरकणार? आबांनी मला त्या वेळेत शिकवलं. डोक्याला ओला पंचा बांधायचा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि एका बाईंनी टाकून दिलेली रॅकेट. तिची मूठ माझ्या हातात मावत नव्हती. आबांनी वरचं वेष्टन सोलून ती बारीक करून दिली.

"चेंडू खाली पडायची वाट पाहू नको," ते म्हणायचे. "तू पुढं जा. तो तुझ्याकडं येणारच आहे."

पुढं नागपूरला, हैदराबादला स्पर्धा व्हायच्या तेव्हा तिसऱ्या सेटमध्ये समोरच्या मुली उन्हानं कोमेजायच्या आणि मला तेव्हा कुठं अंग मोकळं झाल्यासारखं वाटायचं. माझ्या खेळात दुसरं फारसं काही नव्हतं. फक्त एक सर्व्हिस होती, चांगली.

सोळाव्या वर्षी पुण्याच्या एका प्रशिक्षकांनी मला पाहिलं आणि त्यांच्या वसतिगृहात ठेवून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. माझ्यावर त्यांनी पोटच्या मुलीसारखी मेहनत घेतली. विसाव्या वर्षी खांदा दुखायला लागला. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुखणं डोक्यात असतं. खांद्यात नसतं. डोक्यातून काढून टाक." मी काढून टाकलं. निदान तसं समजत राहिले. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी त्यांनी ओळखीच्या डॉक्टरकडून खांद्यात इंजेक्शन देववलं. तो सामना बघायला आबा जळगावहून आले होते. मी पहिला सेट हरले, पुढचे दोन जिंकले. शेवटच्या गेममध्ये हात माझा राहिलाच नव्हता.

जळगाव स्टेशनवर लोक हार घेऊन आले. उघड्या जीपमधून मला मेहरूणला नेलं, विहारासमोर सत्कार झाला. फोटोग्राफर आबांना पुढं बोलावत होता तरी ते मागच्या रांगेतच उभे राहिले. लाजतायत असं मला वाटलं.

त्यानंतर अडीच वर्षांनी दक्षिणेतल्या एका शहरात, दुसऱ्या फेरीच्या सामन्यात, सर्व्हिससाठी हात मागं नेला आणि आत काहीतरी कापड फाटल्यासारखं फाटलं. उरलेल्या दोन गेममध्ये मी खालून हात फिरवून सर्व्हिस केली, लहान पोरी करतात तशी. प्रेक्षकांतून कोणीतरी हसलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आधी यायला हवं होतं." प्रशिक्षक एकदा भेटायला आले, मग त्यांचा फोन यायचा बंद झाला. पंचविसाव्या वर्षी मी निवृत्त झाले. निवृत्त हा शब्दही आपला म्हणायचा. मला कोणी निरोप दिला नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

मी मेहरूणला परत आले. आई माझी वेणी घालायची, कारण मला घालता येत नव्हती. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "आता काय करते चॅम्पियन?" त्यात टोमणा नसायचा, तरी मी दार लावून घ्यायचे. सकाळी तलावाच्या काठी जाऊन बसायचे. घरी परत जायचं की नाही, हे रोज नव्यानं ठरवावं लागायचं. आबांना ते कळलं असावं. एक दिवस ते काठावर येऊन म्हणाले, "माझी कंबर धरलीय. रेघा मारायला चल." कंबर धरलेली नव्हती. पण मी गेले, आणि वर्षभर डाव्या हातानं त्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारत राहिले. दुसऱ्यांच्या खेळासाठी.

खेळाडूंच्या राखीव जागेतून धुळ्याच्या शाळेत नोकरी लागली. कबड्डी, खोखो, कवायत, आणि उरलेल्या वेळात पोषण आहाराची माहिती संगणकात भरणं. लग्न झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं की नाही, याचा विचार मी आता करत नाही. चौदा वर्षं मी चेंडूला हात लावला नाही.

मग ती मुलगी आली.

सहावीत होती. साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातून बसनं यायची. वडील ट्रकवर, महिना-महिना बाहेर. आई कांद्याच्या, कापसाच्या कामाला. मधल्या सुट्टीत ही पोरगी एका लाकडी फळीनं रबरी चेंडू शाळेच्या भिंतीवर मारत बसायची. मी खिडकीतून मोजत होते. चेंडू खाली न पडू देता तिनं एकशे दहा वेळा मारला. आणि ती पुढं जात होती. तिला कोणी न सांगता ती चेंडूकडं पुढं जात होती.

मी मुख्याध्यापकांकडून बास्केटबॉलच्या सिमेंटच्या जागेवर टेनिसच्या रेघा आखायची परवानगी घेतली. आबा तेव्हा कामावरून निवृत्त झाले होते. त्यांनी क्लबातली जुनी जाळी मागून घेतली, फाटलेल्या जागी दोरीनं विणली आणि जळगाव-धुळे बसच्या कंडक्टरकडं सोपवली. दर रविवारी ते फोन करायचे. "पोरगी कशी खेळते?" मी सांगायचे. असं भरभरून बोलणं आमच्यात कधीच झालं नव्हतं.

तीन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आली, मग विभागात. मी पुन्हा माणसांत आले. सकाळी उठायला कारण होतं. आरशात बघायला लागले. नववीत असताना, राज्यस्पर्धेच्या पंधरा दिवस आधी, एका सकाळी तिनं रॅकेट खाली ठेवली.

"मॅडम, खांदा दुखतोय."

मला सगळं ठाऊक होतं. कुठं दुखत असेल, कसं दुखत असेल, पुढं काय होऊ शकतं. जगात दुसऱ्या कोणाला नसेल इतकं मला ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "दुखणं डोक्यात असतं, बाळा. खांद्यात नसतं."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. तरी मी ते परत घेतले नाहीत. ती माझ्याकडं बघून मान हलवून पुन्हा खेळायला लागली. पंधरा दिवस मी तिला औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या दिल्या. नाशिकला ती राज्यात पहिली आली. कप घेताना तिनं तो डाव्या हातानं घेतला. मी टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हात उचलता येईना. नाशिकच्याच एका डॉक्टरांनी फोटो काढले. वाढीच्या वयातलं हाड दुखावलं होतं, आतला स्नायूही फाटला होता. ते मला म्हणाले, "हिनं काही दिवस आधी सांगितलं असेल ना कोणाला तरी?" मी म्हणाले, "हो." कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

आठवड्यानं तिची आई शाळेत आली. कामावरूनच आली होती, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. ती भांडेल अशी मी तयारी केली होती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खुर्चीवर बसली नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमले माहीत व्हतं ना?"

"हो," मी म्हणाले.

"मन्ही आंडेर तुमले देव माने," ती म्हणाली. माझी लेक तुम्हाला देव मानायची. आणि गेली.

मी जाळी काढून गुंडाळून ठेवली. रविवारी आबांचा फोन आला. "पोरगी कशी खेळते?" मी म्हणाले, "छान." पुढच्या रविवारीही तेच. त्या काळात आबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता खाटेवर पडून त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं. मग मी सामने रचायला लागले. कोण समोर होतं, वारा कुठून होता, तिसऱ्या सेटमध्ये ती कशी सावरली. जवळजवळ वर्षभर एक मुलगी फक्त माझ्या फोनमध्ये खेळत होती, आणि जिंकत होती.

दिवाळीच्या सुट्टीत आबा म्हणाले, "एकदा आण तिला. बघू दे."

मी तिच्या गावी गेले. काय तोंडानं गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. ती ओट्यावर दहावीचं पुस्तक घेऊन बसली होती. आई घरात होती, बाहेर आली नाही. मी तिला सगळं सांगितलं, अगदी रचलेल्या सामन्यांसकट. आणि म्हणाले, "एक दिवस चल. फक्त खेळते म्हणून सांग. ते फार दिवसांचे नाहीत."

तिनं पुस्तक मिटलं. "मी येते," ती म्हणाली. "पण खोटं बोलणार नाही, मॅडम."

मी परत येऊ शकले असते. आबांना सांगता आलं असतं, ती गावाला गेलीय. पण मी तिला घेऊन बसमध्ये बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. तिनं खिडकीची जागा मला दिली होती.

आबा तिला बघून इतके हसले की वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. ती खाटेजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आबा, मी नाही खेळत आता. वर्ष झालं. माझा खांदा गेला."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि वाटत होतं, ती भिंत मागं सरकावी. मग ते अडखळत तिला म्हणाले, "हिनं खेळवलं?"

तिनं माझ्याकडं न बघता मान हलवली.

आबांनी चांगला हात पुढं करून तिच्या खांद्यावर ठेवला. बोलायला त्यांना त्रास होत होता, एकेक शब्द सुटा यायचा. "हिच्या वेळी मी होतो. इंजेक्शन देताना दाराशी होतो. ही टॉवेल दातात धरून बसली होती. मी आत गेलो नाही." थांबले. "जिंकेल म्हणून गेलो नाही."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मला कधी कळलंच नाही की दाराशी कोणी होतं.

आबा रडत होते. ती मुलगी त्यांचे डोळे पुसत होती. मी त्यांच्यापैकी कोणाजवळही जाऊ शकले नाही. परतीच्या बसमध्ये मी तिला म्हणाले, "मला माफ कर." ती म्हणाली, "मॅडम, ते मला येत नाही अजून." रागानं नाही म्हणाली. गणित येत नाही असं सांगावं तसं म्हणाली.

आबा जानेवारीत गेले. त्यानंतर रविवारचे फोन आले नाहीत, आणि शेवटच्या दोन महिन्यांतल्या फोनवर आम्ही हवापाण्याशिवाय काही बोललो नव्हतो. माफी मागायची कोणी कोणाची, हे आम्हां दोघांनाही कळत नव्हतं.

फेब्रुवारीत ती शाळेच्या ऑफिसात आली. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज होता. सगळे रकाने तिनं डाव्या हातानं भरले होते, अक्षर वाकडं पण स्वच्छ. माझी सही हवी होती. मी केली. तिनं कागद घेतला, "येते, मॅडम" म्हणाली. मी दारापर्यंत गेले. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण ती फाटकाबाहेर पडून बसस्टँडकडं वळली तरी मला ते सुचलं नव्हतं.

ती आता धुळ्यातच कॉलेजात आहे, औषधशास्त्राला जायचं म्हणते, असं तिच्या वर्गातल्या एकीकडून कळलं. डावखुरी झालीय पूर्ण. मला ती दोनदा रस्त्यात दिसली. एकदा तिनं मान लववली. एकदा तिनं पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

या जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. त्यांना कुठून तरी माझ्याबद्दल कळलं. म्हणाले, "मॅडम, एवढी राष्ट्रीय विजेती आपल्या शाळेत, आणि टेनिस नाही? दोन मुली मागं लागल्यात. सुरू करा ना." त्या दोघी ऑफिसच्या बाहेरच उभ्या होत्या. सातवीतल्या असतील. एकीच्या हातात नवी रॅकेट होती, तिच्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

मी म्हणाले, विचार करून सांगते.

तीन महिने झाले. त्या मुली रोज प्रार्थनेच्या रांगेतून माझ्याकडं बघतात, आणि मी रांगा सरळ करत पुढं जाते.