प्रवरासंगमचा निळा फोटो

सोनईच्या भिमाजीला भलताच नाद. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर ब्रशनं रंग भरलेली नदी-डोंगरांची जुनी दृश्यं तो जमवायचा. कुणाच्या भिंतीवर दिसली की देवाची नवीकोरी तसबीर देऊन बदलून आणायचा. बायकोला, छबूबाईला, दरडावून ठेवलेलं, "हात लावायचा न्हाई!" का, ते सांगायची तसदी मात्र कधी घेतली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात घोडेगावच्या बाजारात त्याला चुलती आक्काबाई भेटली. म्हणाली, "छबूनं दसरा काढलाय. तसबिरीसुदिक उतरवल्यात धुवायला."

भिमाजी बाजार तिथंच टाकून सायकलीकडं धावला. घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय छबूबाई राहायची नाही, आणि ते रंग तर पाण्यानं निघणारे! त्यानं सायकल हाणली. आज टँकर येऊ देऊ नको, असं तो वाटभर देवाला विनवत होता. सारं गाव घागरी घेऊन ताटकळत असताना!

ओट्यावर प्रवरासंगमचा फोटो काचेतून काढून वाळत ठेवलेला. नदीत निळा ठिपकासुद्धा उरला नव्हता, नुसती पांढरीफटक वाळू. सगळा निळा रंग छबूबाईच्या हातातल्या बोळ्यात उतरला होता.

"कुनी सांगितलं हुतं पानी लावायला?" भिमाजी कडाडला. "टँकर तरी कवा आला?"

"आलाच न्हाई." सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत ती म्हणाली, "माज्या वाटनीचं प्यायचं पानी हुतं तांब्याभर. तुमच्या नदीला घातलं."