ते तीन ट्रॅक मुलीचे होते

सहा वर्षांपूर्वी भिलाईच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत माझ्या मुलाचा फोटो छापून आला होता. परदेशातल्या एका लेबलने, म्हणजे संगीत काढणाऱ्या कंपनीने, त्याचं संगीत प्रसिद्ध केलं, असं खाली लिहिलं होतं. ते संगीत त्याचं नव्हतं, माझ्या मुलीचं होतं. मंडळाला खोटी माहिती मी दिली, आणि मुलगा नको म्हणत असताना दिली. यंदा चिटणीसांनी जुन्या सभासदांना ‘सध्या काय ऐकता’ यावर लिहायला सांगितलं आहे. मी काय ऐकतो ते लिहायचं तर आधी हे लिहावं लागेल.

मी सायकेडेलिक ट्रान्स ऐकतो. त्यात शब्द नसतात. मिनिटाला एकशे चाळीस-पंचेचाळीस ठोके, खाली न थांबणारा खर्जातला बास आणि वर किडे, पाणी, पत्रा, माणसाच्या घशातून निघालेले पण शब्द न झालेले आवाज. हे रेडिओवर लागत नाही, सिनेमात येत नाही. दोन-चार माणसांची लेबलं ते इंटरनेटवर काढतात, आणि कुठे जंगलात, कुठे समुद्रकाठी लोक त्यावर नाचतात. मी नाचत नाही. दुपारी जेवण झाल्यावर कोहका वस्तीतल्या घरी पंख्याखाली हेडफोन लावून बसतो.

माझ्या कानांना ते परकं वाटलं नाही. कारखान्यात एकतीस वर्षं मी बेअरिंगं तपासली. आमच्या वेळी लोखंडी सळीचं एक टोक यंत्राला लावायचं आणि दुसरं कानाजवळच्या हाडाला. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. बिघडायला लागलेलं मधेच काहीतरी वेगळं बोलतं, आणि ते वेळेत ऐकायचं, एवढंच काम. ट्रान्समध्ये ते वेगळं बोलणं मुद्दाम ठेवलेलं असतं.

गेल्या वर्षभरातलं मला फार आवडलेलं एक म्हणजे हिमाचलकडच्या दोन मुलांचा चार ट्रॅकचा संच. सकाळच्या नाचासाठी केलेला, बास हलका. तिसऱ्या ट्रॅकमध्ये मध्येच सगळं थांबतं आणि जात्यासारखी नुसती घरघर उरते. ती इतका वेळ उरते, की आता बिघडलं असं वाटावं. मग ठोका परत येतो. ब्राझीलच्या एका बाईचा दुसरा संच रात्री जंगलात वाजवायच्या अंधाऱ्या जातीचा आहे. पहिल्यांदा छाती धडधडली म्हणून मी तो बंद केला होता. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, की तळातला एक आवाज निम्म्याच वेगाने चालला आहे. त्याला धरून बसलं की बाकीचं अंगावर येत नाही.

तिसरा माझ्या मुलीचा. तो निघायचा राहत होता, आणि राहिला असता तर माझ्यामुळे.

तिचा पहिला संच तीन ट्रॅकचा होता. ती चोवीस वर्षांची होती आणि तो टोपणनावाने निघाला होता. त्याच आठवड्यात नागपूरहून तिला पाहायला मंडळी आली. नवऱ्या मुलाच्या मामांची नजर मागच्या खोलीतल्या स्पीकरांवर गेली.

“हे भोंगे कोणाचे बाप्पा?” त्यांनी विचारलं. “चिलीमवाले नाचतात, त्याची गाणी हाये म्हणते. पोरगी करते का हे?”

“नाही हो,” मी म्हणालो. “आमच्या मोठ्याचं आहे. ती फक्त वायरी गुंडाळून ठेवते.”

मुलगी दारातच उभी होती. ती आत निघून गेली आणि तिने खरंच वायरी गुंडाळल्या.

मंडळी गेल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, मले ते येत नाही. कोणी विचारलं तर मी काय सांगू?”

“तुझं आहे म्हणून सांग. हिचं लग्न होईपर्यंत.”

“लगन होईपर्यंत?” बायको म्हणाली. “अन् मंग काय, वापस मागून घ्यान?”

आठ दिवसांत नकार आला. मुलगी उंचीला कमी पडते, असं कारण दिलं. स्थळ गेलं, पण मामांनी ते संगीताचं भिलाईतल्या त्यांच्या नातेवाइकांना सांगितलं होतं आणि नातेवाईक मंडळात होते. चिटणीस अभिनंदन करायला घरी आले. तेव्हा एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी त्यांना चहा दिला आणि स्मरणिकेसाठी मुलाचं नाव लिहून दिलं. गणपतीत सेक्टर सहाच्या मंडपात मुलाला शाल-श्रीफळ मिळालं, मुलगी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होती. लेबल कलाकाराचा फोटो मागत होतं. सत्काराचाच फोटो मी मुलाला पाठवायला लावला, म्हणजे दोन्हीकडे एकच गोष्ट राहील. मुलीच्या टोपणनावाचा मेल घरच्या कॉम्प्युटरवर उघडाच असायचा, त्यावरूनच तो गेला.

मुलीने एकदाच प्रतिकार केला. “माझ्याकडे कच्चं रेकॉर्डिंग आहे,” ती म्हणाली. “तारखेसकट. मी लेबलले पाठवून राहिली.”

ते रेकॉर्डिंग फक्त तिच्या रेकॉर्डरच्या मेमरी कार्डवर होतं. ती आंघोळीला गेली तेव्हा मी कार्ड काढून कपाटात, माझ्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवलं. ती दोन दिवस घर धुंडाळत होती. मीही तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधलं.

त्यानंतर ती नोकरीला हैदराबादला गेली. पाच वर्षं तिने काही केलं नाही. मी दुपारी ऐकायला लागलो ते त्याच काळात. आपण तिचं काय काढून घेतलं ते निदान माहीत असावं, असं वाटलं होतं. मुलगा पुण्याला गेला. त्या तीन ट्रॅकच्या जोरावर त्याला पार्ट्यांमध्ये बोलावणी येतात. तो दुसऱ्यांचे ट्रॅक वाजवतो, स्वतःचा एकही त्याने काढलेला नाही.

या उन्हाळ्यात मुलगी महिनाभर घरी होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या एग्झॉस्ट फॅनचं बेअरिंग जुनं आहे. पहिल्या संचात तिने त्याचाच आवाज वापरला होता. आता तो आणखी घसरला होता. तिने तो पुन्हा रेकॉर्ड केला, त्याभोवती चार ट्रॅक बांधले आणि त्याच लेबलकडे पाठवले, या वेळी स्वतःच्या खऱ्या नावाने.

उत्तर दुपारी आलं. ती बाहेरच्या खोलीत ते मोठ्याने वाचत गेली आणि वाचतावाचता तिचा आवाज बारीक झाला. हा आवाज आमच्या आधीच्या कलाकाराची ओळख आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही तो त्याच्याकडून घेतला आहे असं दिसतं. चोरलेलं काम आम्ही काढत नाही, आणि इतर लेबलांनाही कळवू.

तिने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुमी ऐकलं ना?”

मी हो म्हणालो. तिने भावाला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

“मैं क्या बोलूँ उनको?” मुलगा म्हणाला. “सहा वर्षं खोटं बोललो म्हणून सांगू? दोन महिन्यांनी माझा फेस्टिव्हल आहे. पोस्टर छपून गेलं.”

“मग मी चोर. असंच ना?”

“तसं नाही ना. दोघांचं नाव टाकू. भाऊ-बहीण. वो लोग भी खूश, तू भी खूश.”

मला ते पटलं होतं, हेही लिहायला हवं. कोणाचं तोंड काळं होणार नाही, घर शाबूत राहील. मी मान हलवायलाही लागलो होतो.

“अर्धा आवाज तुझा कोणता?” ती म्हणाली. “एक दाखव. मी तुझं नाव पह्यले टाकते.”

मग मुलगा हळूच म्हणाला, “तुझ्यापाशी तरी काय सबूत आहे?”

तिने हात मांडीवर ठेवले. तिच्यापाशी काही नव्हतं. बायको दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडेच पाहत होती. कार्डाचं तिला कधीपासून माहीत होतं, मी विचारलेलं नाही.

मी आत गेलो. पेन्शनचे कागद बाजूला केले, कार्ड आणलं आणि मुलीच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. लॅपटॉपला लावलं. आधी फॅनची घरघर आली. मग माझा आवाज आला, सहा वर्षांनी तरुण: “हात मागे घे बाई, पातं लागन. कायले करून राहिली एवढं?” आणि तिचा: “थांबा ना बाबा, इथंच तर चांगला वाजून राहिला.”

मुलाने पुण्यात ते ऐकलं आणि फोन ठेवला.

लेबलला मेल मी लिहिला. इंग्रजी माझं कारखान्याच्या रिपोर्टापुरतं. काय, केव्हा, कोणी केलं ते ओळीने लिहिलं. मुलाने नको म्हटलं होतं, मी त्याला भाग पाडलं, हेही लिहिलं. कार्ड मी लपवलं होतं, तेही. शेवटी लिहिलं, की हे सगळं मी मुलीच्या भल्यासाठी केलं. मग तिला वाचायला दिलं.

तिने बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. “हे काढा.”

“कावून? लग्नाचंच तर होतं तेव्हा.”

“लग्न आठ दिवसांत मोडलं. कार्ड तुमी त्याच्यानंतर लपवलं. माझ्या भल्यासाठी नाही लपवलं.”

बायको म्हणाली, “काढा ना. एवढं लिहिलं तं एवढं काढाले काय जाते?”

मी ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं, की मंडळात माझी नाचक्की होऊ नये म्हणून. तिने ते वाचलं, रेकॉर्डिंग जोडलं आणि मेल पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी लेबलचं उत्तर आलं. त्यांनी तिची माफी मागितली. जुन्या संचावर आता तिचं नाव आहे, नवा गेल्या महिन्यात निघाला. पुण्याचा फेस्टिव्हल मुलाच्या हातून गेला. तो आईशी बोलतो, माझ्याशी नाही. त्याने मागितलं नव्हतं ते मी त्याच्यावर लादलं आणि सगळ्यांसमोर काढूनही घेतलं. त्याबद्दल त्याला लिहिलेलं पत्र अजून माझ्याकडेच आहे, पूर्ण होत नाही.

नवा संच निघाला त्या दुपारी मुलीने हैदराबादहून फोन केला. कार्ड ती जाताना घेऊन गेली होती, आणि मला माफ केल्याचं तिने कधी म्हटलेलं नाही.

“ऐकला का?” तिने विचारलं.

“दोनदा.”

“कसा आहे?”

चांगला आहे, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. “पहिला अन् चौथा मले लई आवडला,” मी म्हणालो. “दुसरा लांबला आहे. पाचव्या मिनिटानंतर काही होऊनच नाही राहिलं त्याच्यात.”

“माहीत आहे मले,” ती म्हणाली. “तो तसाच राहीन.”